हप्ता थांबवू नकोस

सातारा

चि. ताई,

काल रात्री तुझा फोन झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. ‘मामा, बँकेनं आमचं घर कुठल्याशा फंडाला विकलं’ म्हणालीस, आणि जाता जाता हेही सांगितलंस की कुणाला भरायचा ते कळेना म्हणून या महिन्याचा हप्ता भरलाच नाही. पहिल्या गोष्टीची मला फारशी भीती वाटत नाही, दुसऱ्या गोष्टीनं मात्र झोप उडवली. तुला पासबुक वाचायला मी शिकवलं ना गं?

जावईबापूंनी पाठवलेला त्या पत्राचा फोटो भिंग लावून वाचला. घर विकलेलं नाही. विकलंय ते तुमचं कर्ज, म्हणजे तुमच्याकडचं येणं आणि त्यापोटी घरावर असलेला गहाणाचा हक्क. घर आजही तुम्हा दोघांच्याच नावावर आहे. पत्रात जिचं नाव आहे ती मालमत्ता पुनर्रचना कंपनी एका ट्रस्टची विश्वस्त म्हणून कर्ज घेते आणि त्यात पैसे घालणाऱ्या फंडाला सिक्युरिटी रिसीट देते, म्हणून ते हातभर लांब नाव. आम्हाला न विचारता कसं विकलं, हा तुझा राग समजतो. पण तसं कलम करारनाम्यात असतं, आणि बँकांना आपली कर्जं दुसऱ्याला विकता येतात असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगितलंय.

सातारा-सांगलीच्या माणसानं तरी कर्ज दुसऱ्याकडे गेलं म्हणून गांगरून जाऊ नये. सप्टेंबर २००६ आठव. १९३६ पासूनची आपली युनायटेड वेस्टर्न बँक, तिच्यावर निर्बंध आले, दहा हजारांच्या वर काढता येईना, आणि महिन्याभरात सगळी खाती आयडीबीआयकडे गेली. पुढच्या एप्रिलात सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. तेव्हा मला रस्त्यात गाठून लोक म्हणायचे, बँकच राहिली नाही तर फेडायचं कुणाला? तुझ्या महाबळेश्वरचंच घे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत गाव दारं लावून बसलेला असताना वाधवान मंडळी तेवीस जणांनिशी खंडाळ्याहून तिथं आली, केवढा गदारोळ झाला! त्यांची दिवाण हाउसिंग, म्हणजे डीएचएफएल, साध्या माणसांना घरकर्ज देणारी कंपनी. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या नोव्हेंबरात तिचं संचालक मंडळ बाजूला केलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पिरामलनं ती ३४,२५० कोटींना घेतली. देणारी कंपनी बुडाली, घेणाऱ्यांचं कर्ज मात्र रुपयानंही कमी झालं नाही. त्यांचे हप्ते पुढे पिरामलकडे चालू राहिले.

तुमचं कर्ज विकलं जायचं कारण निराळं आहे, आणि ते तू माझ्यापासून लपवलंस. गेल्या पावसाळ्यात हप्ते राहिले, दिवाळीच्या गर्दीत दोन भरले आणि मिटलं असं धरून चाललात. तसं मिटत नाही. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं अनुत्पादित होतं, आणि मागची सगळी बाकी, व्याजासकट, भरल्याशिवाय ते पूर्ववत होत नाही. हा नियम करणाऱ्यांनी तुमच्याकडचा पाऊस पाहिलेला नाही. जून ते सप्टेंबर भाड्याच्या खोल्या रिकाम्या, घाट कधी चालू कधी बंद, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हजर! मे महिन्यातच पावसाळ्याचे चार हप्ते बाजूला काढा, असं घर बांधताना बजावलं होतं. तेव्हा तुम्हाला गॅलरीच्या काचा महत्त्वाच्या वाटल्या.

असो. आता नीट ऐक. आज जुन्या शाखेत जा आणि दोन गोष्टी शिक्क्यासह लेखी घे. कर्ज खरंच यांच्याकडे गेलंय आणि हप्ता अमुक खात्यात भरायचा, ही एक. आणि ज्या तारखेला कर्ज गेलं त्या तारखेपर्यंतचा पूर्ण खातेउतारा, ही दुसरी. पत्र आल्यावर पैसे नव्या कंपनीलाच द्यायचे, तेही बँकेतून. बँकेतून परस्पर हप्ता वळता होतो म्हणून गाफील राहू नकोस, ती व्यवस्था जुन्यांच्या नावची आहे.

उताऱ्यासाठी मी इतका हट्ट का धरतो, म्हणशील. अगं, कर्ज एकाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा हिशेबही जातो, आणि त्यात जुनी चूक, नाहक दंड, न जमा झालेला हप्ता असेल तर तोही जातो. मग जुने म्हणतात आमच्याकडे काही नाही, नवे म्हणतात आम्हाला असंच मिळालं. १८७५ साली सुप्याला लोकांनी सावकारांचे कागद जाळले, ते उगाच नव्हे. स्वतःच्या देण्याचा हिशेब स्वतःच्या हातात नसणं, हे त्यांचं खरं दुखणं होतं. म्हणून तर १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यात, आणि तो पुणे, नगर, सोलापूरबरोबर आपल्या साताऱ्यालाही लागू होता, सावकारानं पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, पासबुक भरून द्यावं, असं घातलं. आज उतारा मोबाइलवर येतो आणि तुम्ही तो उघडत नाही! मी बँकेत नोकरीला होतो तेव्हा एका बाईंनी पावत्यांची पिशवी टेबलावर उलटी केली आणि तिच्यातल्या एका चुरगळलेल्या पावतीवर त्यांचं घर वाचलं. उतारा आला की माझ्यासमोर ओळ न् ओळ वाचायचा.

फंडानं निम्म्या भावात घेतलं असेल, मग आपणही निम्मंच देऊ, असं जावईबापू म्हणतात. त्यांनी कितीला घेतलं त्यावर तुमचं देणं ठरत नाही. तडजोड होऊ शकते, पण ती लेखी हवी, आणि शेवटचा हप्ता दिल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत व बोजा कमी, हे तिच्यात हवं. कागद अडवले तर दिवसाला पाच हजार द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

मला धास्ती आहे ती पुढच्या कागदाची. तुमच्याकडे आलंय ते नुसतं कळवल्याचं पत्र. सरफेसी कायद्याखालची साठ दिवसांची नोटीस आली तर तिला लेखी हरकत घ्यायची, पंधरा दिवसांत त्यांना उत्तर द्यावंच लागतं. ताबा घेतला तर पंचेचाळीस दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणात जायचं. आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवायचा हक्क संपतो. पूर्वी लोक शेवटच्या दिवसापर्यंत धावाधाव करायचे, २०१६ नंतर ते राहिलं नाही. सहकारी बँकेचं कर्ज असतं तर बरं झालं असतं, हेही मनातून काढ. मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात मे २०२० मध्ये सरफेसी कायदा त्यांनाही लागू ठरला.

मी शनिवारी सकाळच्या एस.टी.नं येतो. मंजुरीपत्र, करारनामा, खरेदीखताची झेरॉक्स, मिळकतपत्रिका काढून ठेव. तोवर कुठल्याही कागदावर सही नको. अशा कागदात कर्जाची नवी कबुली लिहून घेतात. वसुलीवाला दारात आला तर ओळखपत्र बघ, रोख देऊ नकोस. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नसतो, केला तर वेळ लिहून ठेव. जावईबापूंना म्हणावं, आवाज चढवू नका. आणि अण्णांच्या कानावर यातलं काही गेलंय का? त्यांना नोटीस शब्दाचीच धडकी भरते. गेलं नसेल तर मी येईपर्यंत जाऊ देऊ नकोस, आणि आजच हप्ता भरून मला पावती पाठव.

तुझा
मामा