शीड चढवण्याआधी

कुलाब्याला शिडाची होडी शिकायला गेले, तेव्हा पाण्यावर कधी उतरतो असं आम्हा सगळ्यांनाच झालं होतं. होडी जोडून द्यायची ती क्लबच्या खलाशांनी, आपण नुसतं चढून बसायचं, अशी अनेक ठिकाणची जुनी रीत. मला शिकवणाऱ्या खलाशीकाकांना ती पसंत नव्हती. "ताई, ज्या दोरीला तुमचा हातच लागला नाही, ती पाण्यात अडकली तर सोडवणार कशी?" हा त्यांचा सवाल मला तेव्हाच पटला.

होडी एंटरप्राइझ जातीची, दोघांनी चालवायची. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी ती 1956 मध्ये आखली. लांबी सव्वातेरा फूट, शिडं निळी. पुढे लहान शीड, डोलकाठीमागे मोठं मेनसेल, आणि त्याच्या खालच्या कडेला आडवी दांडी, म्हणजे बूम. काकांच्या लहानपणी त्यांच्या कोळीवाड्यातल्या होड्यांना शीड तिरक्या लांब वाशाला टांगलेलं असे; खाली बूम नसायचीच. ती त्यांनी मोठेपणी, नोकरीत शिकून घेतली होती. म्हणूनच असेल, नवख्याला नेमकं कुठे अडतं ते त्यांना अचूक कळायचं.

होडीचं नाक वाऱ्याकडे वळवल्याशिवाय ते शिडाच्या पिशवीला हात लावू देत नसत. मुंबई बंदरात हे वाटतं तितकं सरळ नाही. दुपारचा वायव्येचा वारा कुलाब्याच्या इमारतींवरून उतरतो, तो होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर कधी डावीकडून लागतो, कधी उजवीकडून. मग गालाला काय लागतं त्यापेक्षा मोकळ्यावर उभ्या असलेल्या होड्यांची निशाणं बघायची.

शीड पसरलं की मागच्या कडेच्या खिशांत बॅटन घालायच्या. या लवचिक पट्ट्या नसतील तर ती कड फडफडत राहते आणि कापड लवकर झिजतं. शिडाच्या खालच्या कडेत दोर शिवलेला असतो. तो बूमच्या खाचेत पुढच्या टोकाकडून सरकवत मागे न्यायचा, पुढचा कोपरा खिळीने अडकवायचा आणि मागचा कोपरा आउटहॉल या दोरीने ओढून बांधायचा.

किती ओढायचा, यातच खरी मेख आहे. वारा मंद असेल तर आउटहॉल थोडा सैल. शिडाला पोट येतं, होडीला जोर मिळतो. वारा वाढला की ताणून शीड सपाट करायचं, नाहीतर होडी कलंडायला बघते. किनाऱ्यावर बोटभर सोडलेली किंवा घेतलेली ती दोरी पाण्यावर सगळ्या अंगाला जाणवते. शाळेत वाचलेला वाऱ्याचा दाब मला इथे तळहाताला कळला, आणि तो आनंद मला अजून पुरतो.

शीड चढवताना मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करायची दोरी, पूर्ण मोकळी हवी. ती कुठे अटकली असेल तर अर्धवट चढलेल्या शिडात वारा भरतो आणि होडी उतारावरच आडवी होते. माझी जोडीदार शिडाची पुढची कड डोलकाठीच्या खाचेत भरवत राही, मी हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, ओढत असे. शीड टोकाला पोचलं की बूमचं पुढचं तोंड डोलकाठीवरच्या गूजनेक या सांध्यात बसवायचं. शेवटी किकर, बूमच्या पोटापासून डोलकाठीच्या पायथ्याकडे येणारी दोरी. ती बूमला वर उठू देत नाही. मेनशीटच्या टोकाला 8 च्या आकाराची गाठ मारली की ती कप्पीतून निसटत नाही.

मग दोन पावलं मागे जाऊन शीड वाचायचं. डोलकाठीपासून आडव्या सुरकुत्या निघत असतील तर हॅलियार्ड सैल आहे. बूमला समांतर कडक घडी दिसली तर आउटहॉल जास्त ताणला गेलाय. वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण कित्येकजण घाईत हे वाचणं वगळतात याचं मला वाईट वाटतं. आणि मान खाली ठेवायची सवयही इथेच लावून घ्यावी. पाठीमागून वारा घेऊन वळताना बूम एका बाजूची दुसऱ्या बाजूला झपाट्याने येते आणि डोकं फोडू शकते.

महाराष्ट्राला एवढा लांब किनारा आहे, आता शिडाच्या होड्या शिकवणारे क्लबही आहेत. तुम्ही शिकायला जाल तेव्हा तयार होडीत चढू नका. होडी जोडणाऱ्या खलाशाला विनंती करा, त्याच्या शेजारी उभे राहा आणि प्रत्येक दोरी स्वतः बांधा. सरावाने हे सगळं अर्ध्या तासात होतं.