पदार्थ कमी, पाहुणे जास्त

दावत म्हटली की हल्ली घरात पहिला प्रश्न ‘कोणाला बोलवायचं’ हा नसतो, ‘काय काय करायचं’ हा असतो. बिर्याणी तर हवीच. सोबत कोरमा, काहीतरी तळलेलं, दोन गोड पदार्थ आणि शेवटी थंड पेयाच्या बाटल्या. यादी वाढते तसा खर्च वाढतो आणि खर्च वाढला की पाहुण्यांची नावं गळू लागतात. आधी लांबचे नातेवाईक गळतात, मग गरीब नातेवाईक. शेवटी दावतच पुढच्या महिन्यावर ढकलली जाते.

जळगावच्या पिंप्राळा भागात आम्ही तिघी जावा एकाच घरात राहतो. घरातले एक रिक्षा चालवतात, दुसरे एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहेत, तिसऱ्यांचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मुलं सहा आणि वर अम्मी, म्हणजे सासूबाई. कमाई मोजकी, पण पाहुणे कधी येतील ते सांगता येत नाही. धुळे, मालेगाव, भुसावळ, सुरत, बुऱ्हाणपूर अशी नाती पसरलेली. जाता-येता कोणी ना कोणी उतरतंच. त्यामुळे दावत परवडेल अशी करणं ही आमच्यासाठी हौस नाही, गरज आहे.

आमच्या नात्यातल्या एका बहिणीने मध्यंतरी येणं कमी केलं होतं. बोलावलं की काहीतरी कारण सांगायची. अम्मींनी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “लोक बोलावतात, ताटात पाच-पाच पदार्थ वाढतात. उद्या त्यांना मी बोलवायचं तर कुठून आणू? त्यापेक्षा न गेलेलं बरं.” मोहल्ल्यात अशी किती तरी घरं आहेत. काही जणी बचत गटाकडून कर्ज काढून समारंभ उरकतात आणि पुढे वर्षभर हप्ते फेडतात. ज्या दावतीमुळे नातं जुळायचं, तिच्याच ओझ्याने ते तुटत असेल तर ती मेहमाननवाजी कसली? तेव्हापासून घरात एक नियम आहे: जी दावत आपल्याला दोन महिन्यांनी पुन्हा करता येणार नाही, ती आपल्यासाठी महागच.

आधी रक्कम, मग यादी

स्वयंपाकघरात एक जुना डबा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिघी मिळून त्यात 600 रुपये टाकतो. पाहुण्यांचा खर्च फक्त त्यातूनच. डब्यात किती आहे ते पाहून पदार्थ ठरतो. पदार्थ ठरवून उसने पैसे शोधायचे, असं करत नाही. एखादा महिना पाहुण्यांविना गेला की रक्कम पुढे सरकते आणि ईदला कामी येते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. अंदाजाने शिजवलं की जास्तच शिजतं. मोठ्या माणसाला साधारण 100 ते 125 ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो, मुलांना त्याच्या निम्मा. पंधरा माणसांत पाच मुलं असतील तर दीड किलो तांदूळ भरपूर होतो. अडीच किलो टाकला तर उरलेला किलोभर दुसऱ्या दिवशी कोणी आवडीने खात नाही. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, अशी ताकीद कुरआनात सूरह अल-आराफमध्ये (आयत 31) आहे. ती पाळायला वजनकाट्यापासून सुरुवात करावी, असं आम्हाला वाटतं.

एकच मुख्य पदार्थ, पण मनापासून

आमच्या घरात दोन दावती ठरलेल्या आहेत.

पहिली दालच्याची. मधली जाऊ जालन्याची. तिच्याबरोबर दालचा आमच्या घरात आला. पंधरा माणसांना पाऊण किलो हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, दीड किलो दुधी भोपळा आणि अर्धा किलो हाडासकट मटण लागतं. हाडांचा रस डाळीत उतरतो आणि थोड्या मटणात सगळ्या पातेल्याला चव येते. आंबटपणाला चिंच, वरून कढीपत्ता-लसणीचा बघार, सोबत साधा बघारलेला भात. एवढ्याच माणसांना मटण बिर्याणी करायची तर दोन किलो मटण हवं. दालच्याचा खर्च त्याच्या निम्म्यावर भागतो. जळगावात डाळ मिल पुष्कळ आहेत. बाजारात फुटलेली डाळ अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त मिळते. दालच्यात आणि खिचड्यात डाळ घोटायचीच असते, मग अख्ख्या डाळीचे जास्त पैसे कशाला? डाळ तासभर आधी भिजवली तर गॅसही वाचतो.

दुसरी दावत भरताची, थंडीच्या दिवसांतली. इथली मोठी, कमी बियांची हिरवी वांगी नावाजलेली आहेत. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बामणोद किंवा आसोद्याची वांगी बाजारात आली की दर उतरतात. पंधरा जणांना तीन किलो वांगी पुरतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजली की गॅस लागत नाही आणि धुराची चव येते ती वेगळीच. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सोबत कळण्याची भाकरी. कळण्यासाठी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद घालून मीठ टाकून दळून आणायचं. मुलं काड्या गोळा करतात, पुरुष वांगी भाजतात, आम्ही भाकऱ्या थापतो. स्वयंपाकाचीच गंमत होते.

भरताच्या दावतीचा आणखी एक फायदा आहे. शेजारच्या हिंदू घरांतली शाकाहारी माणसंही निःसंकोच येऊन बसतात. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा ओळखीची माणसं दाराशी टेकतात. त्यांचा उपवास असतो, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे केळी आणि चहा तयार ठेवतो. मेहमानाला काय चालतं ते आधी पाहायचं, आपल्याला काय मिरवायचं आहे ते नाही.

‘मटणाशिवाय दावत कसली?’ असं विचारणारे असतातच. त्यांना आम्ही हजरत सफिय्या (रजि.) यांच्या वलीम्याची आठवण देतो. हिजरी 7 मध्ये खैबरहून परतताना वाटेत तो वलीमा झाला. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार त्यात ना रोटी होती ना मांस. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्याच्याकडे जे असेल ते आणायला सांगितलं. कोणी खजूर आणले, कोणी तूप. चामड्याचं दस्तरखान अंथरलं आणि त्या सगळ्याचं मिश्रण करून सर्वांनी खाल्लं.

‘येताना एक पदार्थ आण’

त्या वलीम्यातच दुसरा धडाही आहे. पाहुण्याला ‘येताना खीर करून आण’ म्हणायला आपल्याकडे लाज वाटते. आम्ही ती सोडली. नणंद खीर आणते, तिच्या सासूबाई कोशिंबीर, कोणी लोणचं. ज्याची ऐपत कमी त्याला लिंबं किंवा एक फणी केळी आणायला सांगायची. त्याचाही हात दस्तरखानाला लागतो आणि मान ताठ राहते. ती न येणारी बहीण आता अशीच येते. मागच्या थंडीत तिने आपल्या एका खोलीच्या घरात आम्हा सगळ्यांना भरतासाठी बोलावलं. खुर्च्या नव्हत्या, लागल्याही नाहीत. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया अंथरल्या, वर दस्तरखान घातलं आणि तेरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली.

भांड्यांचंही तसंच. एकदा वापरून फेकायच्या ताटांवर पैसे घालवण्यापेक्षा शेजारून स्टीलची ताटं आणावीत. अनेक ठिकाणी जमातीकडे देग आणि ताटं असतात. ती घासून, मोजून परत करावीत म्हणजे पुढच्या वेळी मागायला संकोच होत नाही.

इफ्तारचं ताट

रमजानमध्ये खर्च वाढतो तो मुख्यतः तळणामुळे. आमच्या इफ्तारला खजूर, केळी, रात्री भिजवून उकडलेले काळे चणे, लिंबाचं सरबत आणि तळलेला एकच पदार्थ असतो. एक दिवस भजी, दुसऱ्या दिवशी समोसे. केळी आपल्या जिल्ह्याचीच, म्हणून फळांच्या चाटमध्ये निम्मा भाग केळ्यांचा आणि बाकी त्या दिवशी स्वस्त असेल ते फळ. केळी शेवटी कापून वर लिंबू पिळलं की काळी पडत नाहीत.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढची काही वर्षे तो जानेवारी-फेब्रुवारीत येईल, म्हणजे नेमका भाज्या स्वस्त असण्याच्या आणि भरताच्या दिवसांत. 2030 मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. त्या वर्षाची तयारी आतापासून डब्यात थोडी थोडी करता येईल.

उरलेलं नव्हे, आधी काढलेलं

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पातेलं उतरवलं की पाहुण्यांना वाढण्याआधी तीन डबे भरून बाजूला ठेवतो. एक गल्लीतल्या एकट्या आजींचा, एक आजारी माणूस असलेल्या घरी, तिसरा त्या दिवशी आठवेल त्याचा. उरलं तर देऊ, असं नाही. रस्सा शिजवताना पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना दिली होती. दालच्यात दोन तांबे पाणी वाढवायला काही खर्च येत नाही. आणि ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावलं जातं, गरिबांना वगळलं जातं, ते जेवण सर्वांत वाईट, हेही हदीसमध्ये आलं आहे.

म्हणून भगिनींनो, या महिन्यात डब्यात जेवढे पैसे असतील तेवढ्यात एक घर बोलवा. असं घर, ज्याला बरेच दिवस कोणी बोलावलेलं नाही. एक पदार्थ करा, पोटभर करा आणि त्यांनाही काहीतरी आणायला सांगा. अल्लाह तुमच्या-आमच्या दस्तरखानात बरकत देवो. आमीन.