खाण संपली, पण गाव कोणी संपवलं?

कॉर्नवॉलपासून डरहॅमपर्यंत ब्रिटनचा जुना खाणमुलूख कॅरॅव्हॅनमधून पाहायला निघालेल्या प्रवाशाला ओसाड जागी बहुधा एकच उत्तर मिळतं: जमिनीतलं धन संपलं आणि माणसं निघून गेली. औद्योगिक वसाहतींच्या इतिहासाची अभ्यासक म्हणून मला हे उत्तर अपुरं वाटतं. खनिज संपलं की रोजगार जातो, हे खरंच. पण रोजगार जाणं आणि गाव नाहीसं होणं यांच्यामध्ये कित्येकदा दोन-तीन पिढ्या जातात, आणि त्या काळात गावाचं भवितव्य कुणीतरी ठरवत असतं.

डरहॅम काउंटीतलं विटन पार्क पाहा. बोल्को आणि वॉन यांचा लोखंडाचा कारखाना तिथे १८४६ मध्ये सुरू झाला आणि १८८४ मध्ये बंद पडला. गाव मात्र टिकलं. पुढे १९५१ मध्ये काउंटी कौन्सिलने विकास आराखडा केला, गावांचे ए ते डी असे चार वर्ग पाडले आणि शंभराहून अधिक गावं ‘डी’ वर्गात टाकली. विटन पार्क त्यातलंच. डी वर्ग म्हणजे नवी घरं नाहीत, सोयींवर मोठा खर्च नाही, जुनी घरं रिकामी होतील तशी पाडायची आणि माणसं मोठ्या वस्त्यांत हलवायची. कारखाना गेल्यावर पासष्टहून अधिक वर्षं तगलेल्या या गावाचा बराचसा भाग या धोरणाखाली जमीनदोस्त झाला.

यावर पहिला आक्षेप असा की ती घरंच राहण्याजोगी नव्हती. कोंदट, ओल आलेली, शौचालय अंगणापलीकडे. मान्य. पण मग त्याच जागी चांगली घरं बांधण्याचा मार्ग होता, आणि आराखड्याने नेमका तोच बंद केला. नव्या बांधकामाला परवानगी नाही म्हणून तरुण कुटुंबं बाहेर पडली, ती गेली म्हणून दुकानं आणि शाळा ओस पडू लागल्या, आणि हीच पडझड गावाला भविष्य नसल्याचा पुरावा ठरली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कौन्सिलमध्ये खाणकामगारांच्याच मजूर पक्षाची सत्ता होती, हेतू स्वच्छ होता, आणि कामगारनेते पीटर ली यांच्या नावाने १९४८ पासून पीटरली हे नवं शहरही उभं राहत होतं. हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र चॅपल, कामगारांचा क्लब, भाजीचे वाफे, दोन दारं सोडून राहणारी बहीण यांची किंमत नळ आणि रस्त्यांच्या हिशेबात धरली गेली नाही. गावकऱ्यांनी ती बोलून दाखवली, चिवटपणे विरोध केला, आणि १९७७ मध्ये धोरण सोडून द्यावं लागलं. ‘डी’ वर्गातली बहुतेक गावं आजही नांदती आहेत. १९९३ मध्ये डरहॅममधल्या ईझिंग्टनची कोळशाची खाणही बंद झाली, तरीही. माझ्या लेखी हा सर्वांत सबळ पुरावा आहे.

कॉर्नवॉलमध्येही हेच दिसतं. तिथे १८६६ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले आणि खाणकामगारांचे लोंढे देशोदेशी गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटाला गेले, तसे पुढे जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी चालवत असलेल्या आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. तरी कॅम्बोर्न आणि रेडरूथ ही शहरं उठली नाहीत. पर्यटक छायाचित्रं काढतात ती खाणींच्या ओसाड इंजिनघरांची. ती यंत्रांसाठी होती, तिथे वस्ती नव्हतीच. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथल्या वस्तीचंही आता भूतगाव होणार असं भाकीत करणं सोपं होतं. पण रेल्वे सुरू राहिली, आणि खाणवस्तीतली हजारो माणसं त्या गाडीने रोज बंगळुरूला कामाला जाऊ लागली.