मचाण उभे करताना

‘मंच’ आणि ‘मचाण’ हे एकाच घरातले शब्द. संस्कृत ‘मञ्च’ची ही दोन लेकरे. त्यातले एक शहरात गेले. त्याच्या वाट्याला हारतुरे, ध्वनिक्षेपक आणि आभारप्रदर्शन आले. दुसरे शेतातच राहिले आणि रात्री जागू लागले. पश्चिम महाराष्ट्रात त्याला माळा म्हणतात, आमच्या वऱ्हाडात मचाण किंवा मचान. आणि तिथे बसून रात्र काढण्याला म्हणतात जागल. संमेलनांच्या मंचाविषयी आपण पुष्कळ लिहितो. मचाणाविषयीही लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक तिथे बसलेल्या माणसाने लिहिले आहे. ते उभे कसे राहिले, चार माणसांचा भार पेलणारी ती वस्तू जमिनीवरून वर कशी गेली, याबद्दल आपले साहित्य जवळजवळ मुके आहे.

हे माझ्या लक्षात आले ते वर्गात नव्हे, शेतात. रिसोडपासून थोड्या अंतरावर आमचे शेत आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. पेरलेले दाणे उकरायला रानडुकरे येतात, तूर शेंगेवर आली की रोही येतात, हरभऱ्यावर हरणांचे कळप उतरतात. वडिलांनी आयुष्यभर जागल केली. पूर्वी धुऱ्यावर बाभळीच्या चार बल्ल्या रोवून, आडव्या फाट्या बांधून, वर तुराट्या आणि कडबा टाकून मचाण होत असे. ते बांधायला वाड्यातली पाच-सहा माणसे यायची आणि दुपारपर्यंत काम संपायचे. आता ती माणसे पुण्यात, सुरतेत, छत्रपती संभाजीनगरात आहेत. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले, आणि गेली दोन वर्षे ते जमिनीवर बाज टाकून जागल करत होते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या शिवारात एका जागल्याची मांडी डुकराने फाडली. त्या रात्रीनंतर मला घरी झोप लागेना. जागल सोडा असे मी वडिलांना सांगून पाहिले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी बॅटरी घेतली आणि निघून गेले.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी लोखंडी मचाण करून घेतले. गावातल्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंग होऊन आले. एकीत एक बसणारे शिडीचे दोन भाग, जोडल्यावर लांबी पंधरा फूट, वर कठड्याची बैठक. एका पायरीचे वेल्डिंग कच्चे होते. हातोडीने प्रत्येक पायरी ठोकून पाहिली म्हणून ते कळले. ती पायरी पुन्हा करून घेतली. धान्याच्या काट्यावर वजन भरले अठ्ठावन्न किलो. माझे वजन बावन्न.

मजूर कुणी मिळेना. तो काळ सोयाबीनच्या काढणीचा, मळणीयंत्रे रात्रंदिवस चालू. शिवाय वडिलांना हात लावू द्यायचा नव्हता, कारण त्यांची पाठ गेलेली आहे, पण ही गोष्ट त्यांना स्वतःला मान्य नाही. शेवटी असा करार झाला की त्यांनी बैलगाडीच्या जुवावर बसायचे, मोबाइल हातात ठेवायचा आणि काही झाले तर शेजाऱ्याला हाक मारायची. “बाबा, हात लावायचा नाही,” मी म्हणाले. “मी कायले लावू? तू हायेस न,” ते म्हणाले, आणि जुवावरून उतरून उभे राहिले.

एकट्याने जड शिडी उभी करणे ही ताकदीपेक्षा हिशेबाची गोष्ट आहे. आडव्या शिडीचे पाय अडवून शेंडा उचलायचा आणि हाताखाली एकेक पायरी घेत पायांकडे चालत जायचे, ही सर्वांना ठाऊक असलेली रीत. आमच्या मचाणाची बैठक वर असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य पायापासून सुमारे नऊ फुटांवर येतो. शेंडा जमिनीवरून उचलताना पस्तीस किलो लागतात. माणसाला वाटते, जमले. पण आपण आत चालत जातो तसा आपला हात पायांच्या जवळ येतो, तरफ आखूड होते, आणि शिडी पंचेचाळीस अंशांवर असताना हातावर सत्तेचाळीस किलोच्या आसपास भार येतो. म्हणजे सर्वांत अवघड क्षण सुरुवातीला येत नाही, तो मध्यावर येतो, जिथून मागे फिरता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. वही घेऊन हे गणित मांडले तेव्हा हा प्रकार मी तिथेच सोडला.

उरला दोर. धुऱ्यावर जुना कडुनिंब आहे. झाड निवडताना वडिलांचे ऐकले: शेवगा कधीही नाही, तो कडकन मोडतो, वाळलेल्या फांदीखाली नाही, आणि विजेची तार इतकी दूर हवी की शिडी कोणत्याही दिशेला पडली तरी तिला लागणार नाही. आमच्या शिवारातून ११ केव्हीची वाहिनी जाते, त्यामुळे चांगली दोन झाडे याच कारणाने बाद झाली. लोखंडाची पंधरा फुटांची वस्तू आणि उघडी तार यांची गाठ पडली तर पुढचे कोणतेही कौशल्य उपयोगाचे नसते.

कडुनिंबाची वीस फुटांवरची मांडीएवढी जाड फांदी ठरली. तिच्यावरून दोर टाकायचा कसा? इथे वडिलांनी करार मोडला. सुतळीला दगड बांधला, दोनदा हात फिरवला आणि पहिल्याच फेकीत दगड फांदीपलीकडे खाली आला. साठ वर्षांची गोफण त्या खांद्यात होती; मी काही बोलले नाही. सुतळीमागे जाड दोर ओढला, दोराला कप्पी बांधून ती फांदीपाशी चढवली, दोराचे दुसरे टोक खोडाला पक्के केले. एकच कप्पी ओढण्याची फक्त दिशा बदलते, भार कमी करत नाही. म्हणून दुसरी कप्पी शिडीला, बैठकीच्या खाली बांधली. आता पन्नास-पंचावन्न किलोचा ताण निम्म्यावर आला.

शिडी झाडापासून बाहेरच्या दिशेला आडवी ठेवली. पाय खोडापासून चार फुटांवर, म्हणजे उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर. दोर ओढला की पाय खोडाकडे सरकू पाहतात, म्हणून त्या बाजूला दोन लोखंडी खुंट्या हातभर ठोकल्या. ओढायचे टोक शेजारच्या बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हातात घेतले. या दोन वेढ्यांतच सगळे आहे. दम लागला, घाम डोळ्यांत गेला, तर दोर धरून उभे राहिले तरी पुरते. भार बुंधा सांभाळतो. आणखी एक दोर शिडीच्या पाठीला, उलट दिशेला, कारण शिडी सरळ उभी झाली की पुढे ती आपल्या मनाने झाडावर कोसळते. तिला लगाम लागतो. हात-हात दोर ओढत, थांबत, मागचा दोर वीतवीत सोडत पाऊण तासाने ती खोडाला टेकली. आवाज जेमतेम झाला. झाडावरची साळुंकी उडाली नाही.

मग येतो तो क्षण, ज्यात माणसे पडतात. शिडी उभी आहे, बांधलेली नाही, आणि बांधण्यासाठी चढावे लागणार. याची तोड जमिनीवरच काढून ठेवायची असते. शिडी आडवी असतानाच तिच्या दोन्ही उभ्या दांड्यांना मधोमध लांब दोर बांधून ठेवले होते. ते घेऊन खोडाला उलटसुलट फेरी मारली आणि खालूनच आवळले. त्यानंतरच कमरेला नव्हे, खांदे आणि मांड्या धरणारा पट्टा घालून, त्याची दोरी खोडाभोवती घेऊन, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय उचलत मी वर गेले. हातात काहीही नव्हते. बैठक बांधण्याचा पट्टा वर गेल्यावर सुतळीने ओढून घेतला.

वर बसल्यावर कालिदासाची आठवण झाली, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. व्यवसायाची खोड, दुसरे काय. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उसाच्या सावलीत बसून भात राखणाऱ्या स्त्रिया रघूचे यश गातात. आपल्या गाथासप्तशतीतही शेत राखणाऱ्या तरुणी भेटतात. रिसोडहून पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर वाशिम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न तिथेच लावून दिले आहे. एवढा वारसा जवळ असताना त्या राखणदारिणींकडे मी आजवर शृंगाराच्या किंवा निसर्गवर्णनाच्या सोयीनेच पाहायला शिकवले गेले. त्या गात होत्या, हे टीकाकारांनी नोंदवले. त्या कुणाला हाकलत होत्या, आणि रात्री कुठे बसत होत्या, हे कुणी विचारले नाही. गाणे हे बहुधा जागे राहण्याचे आणि जनावराला माणसाची चाहूल देण्याचे साधन असावे. वडील जागलीला अभंग म्हणतात, तेही भक्तीपेक्षा डुकरांसाठी अधिक, असे आई म्हणायची.

इंग्रजीत ‘मचाण’ गेले ते शिकाऱ्यांबरोबर. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेटने १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावर बसूनच टिपले. त्या मचाणावर बंदूक असते. आमच्या मचाणावर पत्र्याचा डबा, बॅटरी आणि घसा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याकडे परवानगी मागता येते, पण तो मार्ग कागदांचा आहे आणि पीक तितके थांबत नाही. काही जण कुंपणात घरची वीज सोडतात. त्यात जनावरांबरोबर माणसेही मेली आहेत. झटका मशीन वेगळे, त्याचा धक्का क्षणाचा असतो. आम्ही तेही लावणार आहोत, पण बॅटरी उतरते, तार तुटते आणि गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जातो. जागल सुटत नाही.

वडिलांना दोन नियम मान्य करावे लागले. वर असताना पट्टा काढायचा नाही, कारण पहाटे तीनला झोप कुणालाच विचारून येत नाही. आणि विजा चमकू लागल्या की ताबडतोब उतरून घर गाठायचे. एकट्या झाडाला टेकलेले लोखंड हे त्या वेळी बसण्याचे ठिकाण नव्हे. पहिल्या नियमावर ते हसले. दुसऱ्यावर म्हणाले, “हे तर मलेच मालूम हाये.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चढले. चौदा पायऱ्या, प्रत्येकीवर थांबून. मी खाली शिडीला हात लावून उभी होते, त्याची गरज नव्हती. वर बसून त्यांनी पट्टा अडकवला, तुरीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले की इथून आपले शेत लहान दिसते. रात्री साडेअकराच्या सुमारास सात रोही आले. वडिलांनी डबा वाजवला, हाळी दिली. ते वळले आणि शांतपणे शेजाऱ्याच्या तुरीत शिरले.

सकाळी शेजारी आला. कप्प्या आणि दोर सध्या त्याच्याकडे आहेत.