देवबागच्या समुद्रांत

मालवणास जाणारी मंडळी बहुधा सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, बाजारांतून खाजें व आमसुलें बांधून घेतात आणि परतीच्या गाडीकडे डोळे लावतात. अलीकडे या क्रमांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. तारकर्लीपासून देवबागपर्यंत डॉल्फिन दाखविण्याच्या पाट्या जागोजाग दिसतात, आणि ज्या कुटुंबांत मुलें आहेत त्यांस त्या पाटीपुढून सरकतां येत नाहीं. गेल्या माघांत आम्ही अकरा माणसें, थोरल्या काकूंपासून पांच वर्षांच्या बाळापर्यंत, याच कारणास्तव दोन दिवस देवबागेस राहिलों.

देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्यें सांपडलेली वाळूची एक चिंचोळी जीभ. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास नदी, मध्यें माड व घरें. जिभेच्या टोंकाशीं नदी समुद्रास मिळते. पलीकडे भोगव्याची टेकडी व त्याहून दक्षिणेस निवतीचा किल्ला. नदीमुखाशीं लहान मासे पोसतात, त्यांच्यामागें मोठे येतात, आणि त्यांच्यामागें डॉल्फिन. तारल्या, बोय, बांगडे हीं नांवें आमच्या शाकाहारी घरांतील मुलांनीं दोन दिवसांत पाढ्यांसारखीं पाठ केलीं, ही गोष्ट निराळी!

येथें दिसणारा डॉल्फिन हा चित्रांतला, कडींतून उडी मारणारा डॉल्फिन नव्हे. याच्या पाठीवर उंचवटा असून त्या उंचवट्यावर लहानसा पर असतो. म्हणून त्यास कुबडा डॉल्फिन म्हणतात. पूर्ण वाढलेला प्राणी आठ-नऊ फूट लांब व रंगानें शिशासारखा. मालवणी लोक त्यास गादो म्हणतात. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापासून भारतापर्यंत तो किनारा धरूनच राहतो. खोल पाणी त्यास मानवत नाहीं. जेथें आपलीं जाळीं, आपल्या होड्या आणि आपल्या शहरांचें सांडपाणी, तोच अरुंद पट्टा त्याचेंही घर आहे. जगांत त्याची गणना आज संकटांत सांपडलेल्या प्राण्यांत होते, याचें मुख्य कारण हा शेजार होय.

सकाळीं सातच्या सुमारास आमची होडी नदीमुखाबाहेर पडली. वारा पडलेला, पाणी ताटांतल्या तुपासारखें संथ. तांडेल पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. भोगव्याच्या समोर येतांच त्यानें इंजिन बंद केलें आणि तो स्वस्थ बसला. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. मुलें चुळबुळ करूं लागलीं. इतक्यांत मागून कोणी दीर्घ सुस्कारा टाकावा तसा "फुस्स" असा आवाज आला, आणि तांडेल हलकेच म्हणाला, "थंय बघा, आजी, थंय!"

प्रथम लांबट चोंच, मग कुबड, मग संथपणें कलणारी पाठ. एखादें मोठें चाक पाण्याखालीं फिरत असून त्याची कडच काय ती आपणांस दिसावी, तसें तें दृश्य होतें. एकामागून एक पांच पाठी वर आल्या. पांचव्या पाठीला लगटून एक लहानगी, फिकट राखी पाठ होती. "हे मासे नव्हेत," असें आमच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पुतणीनें काकूंस समजाविलें, "यांस आपल्यासारखें फुप्फुस आहे, श्वास घेण्यास वर यावेंच लागतें. मादी दहा-बारा महिने गर्भ वाहते, एकच पिल्लू होतें, त्यास अंगावर पाजते, आणि पुढचें पिल्लू व्हावयास सुमारें तीन वर्षें जातात." काकू क्षणभर गप्प राहिल्या व म्हणाल्या, "म्हणजे ही बाळंतीण म्हणा कीं!" आमच्या पुराणांतला तिमिंगिल काय किंवा व्यवहारांतला देवमासा काय, शब्दांनीं या सर्वांस मासे करून टाकलें आहे, काकूंचा शब्द शास्त्रास अधिक धरून होता.

एवढ्यांत किनाऱ्याकडून तीन होड्या भरधांव आल्या. कोणा होडीवाल्यास आमची थांबलेली होडी दिसली असावी. इंजिनांचा गजर, शिट्या, आरोळ्या, प्रत्येकाचा मोबाईल पुढें. होड्यांनीं तिन्ही बाजूंनीं वळसा घालतांच पाठी दिसेनाशा झाल्या, त्या बऱ्याच वेळानें पार दूर निवतीच्या रोखानें वर आल्या. होड्या तिकडे वळल्या. आमचे मेहुणे उत्साहाच्या भरांत म्हणाले, "तांडेल, दोनशे रुपये जास्त घ्या, पण चला." तांडेलानें मान हलविली. "तेंका त्रास नको, साहेब." काकूंनीं मेहुण्यांकडे पाहिलें मात्र. "बाळंतिणीच्या खोलींत ढोल बडवीत कोणी शिरतें का हो?" मेहुण्यांनीं पाकीट खिशांत ठेवलें.

काकूंची उपमा त्यांस वाटली त्याहूनही नेमकी होती. नदीमुखाच्या गढूळ पाण्यांत डोळ्यांचा उपयोग थोडा. डॉल्फिन आपल्या मस्तकांतून टकटक असा सूक्ष्म नाद सोडतो. तो माशावर, खडकावर आदळून परत येतो आणि खालच्या जबड्याच्या वाटेनें कानापर्यंत पोंचतो. या प्रतिध्वनीवरच तो भक्ष्य शोधतो व वाट काढतो, आणि शिट्यांनीं एकमेकांस हांका मारतो. तीन इंजिनें एकदम गरजूं लागलीं म्हणजे त्याच्या लेखीं भर दिवसां अंधार होतो.

तांडेलाचा तोटा मात्र खरा आहे. परततांना त्यानें सांगितलें कीं, जवळ न नेल्याबद्दल पुष्कळ गिऱ्हाइकें कुरकुर करतात आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या होडींत बसतात. त्याचा धाकटा भाऊ जाळें टाकतो. गादो जाळ्यांतले मासे ओढून नेतो व जाळें फाडतो, म्हणून त्या घरीं दोन मतें आहेत! क्वचित् प्राणी स्वतःच जाळ्यांत गुरफटतो. अशा वेळीं जाळें कापून संरक्षित प्राण्यास सोडणाऱ्या मच्छिमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०१८ मध्यें काढली. सुटकेचें छायाचित्र पुरावा म्हणून द्यावें लागतें. ज्याचें पोट जाळ्यावर आहे त्यास नुसता उपदेश करण्यापेक्षां हें आम्हांस शहाणपणाचें वाटलें.

खरे देवमासे पाहण्याचा योग आम्हांस आला नाहीं. तो फार थोड्यांस येतो. २०१५ सालीं याच जिल्ह्यांतील कुणकेश्वरासमोरच्या समुद्रांत संशोधकांस निळे देवमासे आढळले, त्यांत एक पिल्लू होतें. त्याच वर्षीं जूनमध्यें रेवदंड्यास चाळीस फुटांहून लांब असा निळा देवमासा जिवंत किनाऱ्यास लागला व मरण पावला. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतिपुळ्याच्या वाळूंत एक पिल्लू अडकलें. गांवकरी व सरकारी माणसें दिवसरात्र खपलीं, त्यास समुद्रांत लोटलेंही, परंतु तें वांचलें नाहीं.

आणि एक कुबडी देवमाशीण! ओमानच्या किनाऱ्यावर २०१७ च्या नोव्हेंबरांत शास्त्रज्ञांनीं तिच्या अंगावर उपग्रहास खूण पाठविणारें यंत्र बसविलें. तिचें नांव लुबान, म्हणजे आपल्या धुपाटण्यांतला ऊद. डिसेंबरांत ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, दक्षिणेस भारताच्या टोंकापर्यंत गेली आणि पुढें माघारी ओमानास पोंचली. तिच्या जातीचे देवमासे अरबी समुद्र सोडून जात नाहींत. १९६६ सालीं सोव्हिएट जहाजांनीं या समुद्रांत त्यांतले सुमारें अडीचशें मारले. आज ओमानकडे शंभराहून कमीच उरले असावेत असा अंदाज आहे. ही हकीकत ऐकतांना मुलें नकाशावर बोट ठेवून गोव्यापासून देवबाग किती दूर, तें मोजीत होतीं.

जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं थोडें व्यवहाराचें. कोंकण रेल्वेनें कुडाळास उतरावें. तेथून मालवण सुमारें तीस किलोमीटर, आणि देवबाग त्याच्या दक्षिणेस. पावसाळ्यांत होड्या बंद असतात. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत समुद्र बरा. प्रत्येकानें, चांगलें पोहतां येणाऱ्यानेंही, तरंगजाकीट घालावें. होडींत पाय ठेवण्यापूर्वीं तांडेलास एकच विचारावें, इंजिन बंद करून थांबणार का? तो "होय" म्हणाला तर ठरलेल्या भाड्यावर कांहीं अधिक द्यावें. सकाळची पहिली होडी धरावी; त्या वेळीं गर्दी नसते आणि श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकूं येतो.