रिकामा चौकोन

अम्मीला लकवा झाला आणि आमच्या घराचं घड्याळच बदललं. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं, नाकात नळी, पलंगाला लघवीची पिशवी. सोलापुरातल्या इस्पितळातून तिला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. आम्ही दोघी बहिणी. दोघींची सासरं वेगळी, दोघींची नोकरी उर्दू शाळेत. भाऊ सौदीला. ब्युरोतून आणलेली बाई दोन महिन्यांतली तिसरी होती. एका रात्री अम्मी पलंगावरून पडली आणि आम्ही एकमेकींकडे न बघता तो शब्द उच्चारला : नर्सिंग होम.

मामूंना कळलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘बेटा, जन्नत को किराये के पलंग पे डालोगे?’’

उत्तर आमच्याकडे नव्हतं. म्हाताऱ्या आईबापांपुढे ‘उफ्’सुद्धा करू नये, हे आम्हीच वर्गात मुलांना शिकवतो.

ओळखीतल्या एकानं जागा सुचवली. ‘अपने लोग हैं’ या एका वाक्यावर आम्ही समाधान मानलं. भिंतीवर आयती लावलेल्या, जेवण हलाल, अजान ऐकू यायची. आणखी काय हवं? प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं वाटून आम्ही काही विचारलंच नाही. नवव्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून अवेळी गेलो. चादर ओली होती. अम्मीला वळवलं तर माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगला होता : वेळ, कूस, सही. सगळे चौकोन भरलेले. संध्याकाळी सहाचा आणि आठचासुद्धा. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

राग आला, पण त्याआधी लाज वाटली. कारण ही लबाडी आमच्या ओळखीची होती. शाळेची तपासणी ठरली की आम्हीही आदल्या रात्री टाचणवही पूर्ण करतो, तक्ते भिंतीवर चढवतो. भरलेला कागद आणि झालेलं काम यांच्यातलं अंतर आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी अम्मीच्या बाबतीत आम्ही कागदसुद्धा वाचला नव्हता.

शिकागोच्या चुलतभावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तिकडे २००८ सालापासून सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासनीस न कळवता येतात. तपासणीत काय सापडलं, रुग्णामागं परिचारिकांचे तास किती, रुग्णांच्या तब्येतीचं पुढं काय झालं, अशी तीन मोजमापं असतात. कुणालाही ती घरबसल्या पाहता येतात. आम्हाला इथं असं काही सापडलं नाही. मग तीच तीन मोजमापं वहीत लिहून घेतली, चौथं आमचं घातलं आणि पाच ठिकाणं पाहिली.

पहिला प्रश्न नोंदणीचा. एका ठिकाणचे मालक म्हणाले, ‘‘हा वृद्धाश्रम आहे, आम्हाला नोंदणी लागत नाही.’’ आत चार जणांना नळीनं अन्न दिलं जात होतं. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्याबरोबर अशक्तपणाही आहे. शुश्रूषा करायची आणि नाव मात्र आश्रमाचं ठेवायचं, म्हणजे कुणाला जाब द्यायला नको. तिथून निघालो. जिथं प्रमाणपत्र होतं तिथं त्याची मुदत वाचली. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. ते कुठं आहे तेही पाहिलं.

दुसरा प्रश्न माणसांचा. ‘आमच्याकडे आठ नर्सेस आहेत’ या उत्तराला अर्थ नसतो. रात्री दोन वाजता किती? त्यातली शिकलेली, नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली कोण, आणि पांढरा कोट घातलेली आयाबाई कोण? पटावरची संख्या आणि वर्गातली हजेरी यांत फरक असतो हे आम्हाला कुणी सांगायला नको. म्हणून रात्री साडेदहाला न कळवता गेलो. एका ठिकाणी बावीस रुग्णांना एक मुलगी होती आणि तीही झोपेला आलेली. तिच्यावर राग धरवेना. सकाळपासून तीच कामावर होती.

तिसरा प्रश्न आगीचा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात तेव्हाच्या अहमदनगरच्या सरकारी रुग्णालयात अकरा रुग्ण. जे स्वतः उठून पळू शकत नाहीत त्यांच्यासाठी मागचं दार म्हणजे जीव. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा ‘बी फॉर्म’ द्यावा लागतो. आम्ही तो मागायचो आणि मग मागच्या दाराची कडी स्वतः काढून पाहायचो. दोन ठिकाणी दाराला कुलूप होतं. एका ठिकाणी दारापुढं गाद्या रचल्या होत्या.

चौथा प्रश्न आमचा स्वतःचा : ‘‘गेल्या वर्षात तुमच्याकडे किती रुग्ण पडले, कितींना जखमा झाल्या?’’ चार ठिकाणी उत्तर आलं, ‘‘एकही नाही.’’ पाचव्या ठिकाणच्या सिस्टरनं वही उघडली. ‘‘तीन पडले. दोघांना जखमा झाल्या, एकीची भरली.’’

अम्मीला तिथं ठेवलं. भिंतीवर गणपतीची तसबीर होती. मामू गप्प झाले. आम्ही सिस्टरला आणखी तीन गोष्टी सांगितल्या : अम्मीला अंघोळ बाईमाणसानंच घालावी, तयम्मुमसाठी उशाशी मातीची वीट ठेवावी आणि ती ‘पानी’ म्हणते तेव्हा ओठ ओले करावेत, तोंडात पाणी घालू नये, ठसका लागतो. सिस्टरनं लिहून घेतलं. रात्रीच्या मावशींनी फक्त विचारलं, ‘‘आजींच्या नमाजाच्या वेळा कागदावर लिहून द्या, म्हणजे त्या वेळेला सुई-औषध करणार नाही.’’ हे कुठल्याच मोजमापात बसत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी भल्या सकाळी गेलो. सवयीनं आधी तक्ता पाहिला. रात्री दोनचा चौकोन रिकामा होता. आम्ही काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाली, ‘‘शेजारच्या आजोबांचा श्वास अडकला होता. तुमच्या आईची कूस साडेतीनला बदलली. दोनला बदलली नाही म्हणून सही केली नाही.’’

आम्ही चादर सारून पाहिलं. जखम कोरडी होत आली होती. अम्मी डोळ्यांच्या इशाऱ्यानं फजर पढत होती. बाहेर येऊन बाकावर बसलो. ज्या दिवशी सगळे चौकोन भरलेले होते त्या दिवशी आम्ही तिला तिथून उचललं होतं. आज एक चौकोन रिकामा होता आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला निश्चिंत वाटत होतं.

मामू आता दर जुम्म्याला तिला भेटायला जातात. परवा त्यांनी परत येऊन सांगितलं, ‘‘पीछे का दरवाजा देखा मैंने. खुला था.’’