पुढे सरका!

पंढरीच्या दर्शनबारीत जो तासन्‌तास उभा राहिला आहे, त्याला ध्वनिशास्त्र निराळे शिकवायला नको. मागून कोणीतरी रेटा देतो. तो तुमच्या पाठीत बसतो, तुम्ही पुढच्यावर आदळता आणि सावरून पुन्हा आपल्या जागी येता. रेटा मात्र एव्हाना पुढच्या वळणाशी पोहोचलेला असतो. तिथले एखादे आजोबा, "अहो, ढकलता काय!" म्हणून मागच्या निरपराध माणसाशी भांडू लागतात. विठोबाकडे तुम्ही बोटभरही सरकलेले नसता. सरकली ती नुसती दाटी.

आवाज असाच जातो. हवेचे कण जागच्या जागी पुढेमागे झुलतात आणि दाटी तेवढी सेकंदाला सुमारे 340 मीटर धावते. झुलणे आणि जाणे एकाच दिशेचे, म्हणून शाळेच्या पुस्तकात यांना अनुतरंग म्हणतात. (नाव काही वाईट नाही; पण मला 'रेटा'च बरा वाटतो.) पोलादात हाच रेटा सेकंदाला पाच हजार मीटर जातो, कारण पोलाद ताठ, दबलेला कण तिथे चटकन उसळून जागेवर येतो.

जमिनीचेही तसेच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आई कऱ्हाडला माहेरी होती आणि मी पाळण्यात. ती सांगते, "आधी मांडणीवरचे पेले किणकिणले. घर हलले ते मागाहून." पेले वाजवणारा तो रेटा, खडकातून तो सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास येतो. घरे पाडते ती बहुधा त्याच्यामागून येणारी, जमिनीला आडवे हिसडे देणारी लाट. ती सावकाश चालते. दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंद मागे पडते. कोयनानगरापासून कऱ्हाड सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. म्हणजे आईला सहा सेकंद मिळाले. तेवढ्यात तिने मला उचलले आणि अंगण गाठले.

जपानात 2007 पासून याच अंतराच्या आधारे लोकांना इशारा देतात. पहिला रेटा यंत्राने टिपायचा, दुसऱ्या लाटेआधी गावे जागी करायची. केंद्राजवळच्या गावाला मात्र त्याचा उपयोग नाही. कोयनानगरात त्या पहाटे शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे पेले वाजणे आणि भिंत पडणे यांत जेमतेम एक-दोन सेकंद असतील. अंथरुणातून पाळण्यापर्यंत जायलाही ते पुरत नाहीत.